आपल्या हळदीला नारिंगी कोणी केलं?

पौषात कराड तालुक्यातल्या पालच्या खंडोबाची यात्रा झाली की पुढचे चार दिवस माझ्या फोनवर एकच फोटो शंभर वेळा येतो. गच्चीवरून खाली बघणारा कॅमेरा, हवेत उधळलेला भंडारा, त्या धुळीतून अर्धवट दिसणारे फेटे आणि हात. फोटो काढणारे वेगळे, कॅमेरे वेगळे, पण सगळ्यांत भंडाऱ्याचा रंग एकच असतो. नारिंगी.

भंडारा म्हणजे हळद. हळद पिवळी असते. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालू असताना नुसतं शेजारच्या रस्त्यावरून गेलेल्या माणसालाही ते माहीत असतं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ही हळद इथलीच, असं सरकारी कागदावर आलं. आणि त्याच मुलखातली फोटो काढणारी पोरं त्या हळदीची मिरची पूड करून जगाला दाखवतायत. यात्रेत कोणी मिरची उधळली नव्हती.

यात कॅमेऱ्याचा दोष नाही. काढणाऱ्याच्या डोळ्यांचाही नाही, त्यानं तिथं उभं राहून पिवळंच बघितलंय. दोष आहे त्या फाइलचा, जी त्यानं नव्व्याण्णव रुपयांत पन्नास या भावानं विकत घेतली आणि फोटोवर टाकली. तिला प्रीसेट म्हणतात. माझं म्हणणं आधीच सरळ सांगून टाकतो: प्रीसेट विकत घेणं बंद करा. फुकट मिळाले तरी घेऊ नका. आपल्याकडच्या हौशी फोटोग्राफीचं जेवढं नुकसान या पन्नासच्या गठ्ठ्यांनी केलंय, तेवढं स्वस्त लेन्सनी आणि जुन्या फोननी कधीच केलं नाही.

हे वाचून एक गट लगेच खूश होईल. ‘नो फिल्टर’वाले. फोटोखाली अभिमानानं लिहिणारे, की बघा, आम्ही काही केलेलं नाही, जसं होतं तसं. त्यांना माझ्या बाजूला उभं राहू देता येणार नाही, कारण ‘जसं होतं तसं’ असा फोटो कोणत्याच फोनमधून निघत नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळं हे जरा यंत्राच्या बाजूनं सांगतो. कॅमेऱ्याच्या सेन्सरला रंग कळत नाही, फक्त उजेड किती आला ते कळतं. म्हणून प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवी किंवा निळी काच बसवलेली असते. ही मांडणी कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांची, पेटंट १९७६ चं. निम्मे ठिपके हिरवे, पाव लाल, पाव निळे. म्हणजे एका ठिपक्याला तीनपैकी एकच रंग खरोखर मोजता येतो, उरलेले दोन शेजाऱ्यांकडं बघून हिशेबानं भरले जातात. तुमच्या फोटोतल्या रंगांचे दोन तृतीयांश आकडे असे अंदाजानं आलेले असतात. त्यावर मग फोन ठरवतो की पांढरं कशाला म्हणायचं. मग एका क्लिकमध्ये घेतलेल्या अनेक फ्रेम एकावर एक रचून काळोखातला दाणा पुसतो, आभाळ खाली ओढतो, सावल्या वर उचलतो, कडा धारदार करतो. आणि हे सगळं झाल्यावर आपण लिहितो, ‘नो फिल्टर’.

मार्च २०२३ मध्ये सॅमसंगच्या चंद्राचं प्रकरण गाजलं होतं. एकानं चंद्राचा मुद्दाम धूसर केलेला फोटो कॉम्प्युटरच्या पडद्यावर लावला आणि लांबून फोननं त्याचा फोटो काढला. मूळ चित्रात नसलेले खड्डे फोनच्या फोटोत आले. फोननं ओळखलं की हा चंद्र आहे आणि चंद्र कसा दिसायला हवा ते त्याला शिकवलेलंच होतं.

तेव्हा एडिट झालेला फोटो आणि न झालेला फोटो, अशी विभागणीच खोटी आहे. एडिट होतंच. प्रश्न एवढाच उरतो की ते कोण करतं आणि कशाकडं बघून करतं. आमच्या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते: सॉफ्टवेअरमधला सगळ्यात ताकदवान निर्णय म्हणजे डिफॉल्ट. शंभरातले बहुतेक जण सेटिंग्ज कधी उघडतच नाहीत, त्यामुळं कुठल्याशा मीटिंगमध्ये कोणीतरी ठेवलेला आकडा लाखो लोकांचं आयुष्य ठरवतो. फोनचं डिफॉल्ट हा एक परका निर्णय. त्यावर विकतचा प्रीसेट हा दुसरा. या दोघांच्या मध्ये तुम्ही कुठं आहात?

प्रीसेट ही काही जादूची गोष्ट नाही. लाइटरूमचा प्रीसेट एक्सएमपी फाइलमध्ये असतो, आणि ती साधी मजकुराची फाइल आहे. नोटपॅडमध्ये उघडा. आत नावं आणि आकडे दिसतील. पिवळ्याचा ह्यू उणे अमुक, हिरव्याचं सॅच्युरेशन उणे तमुक, नारिंगीचा उजेड अधिक एवढा. बास. समोर खंडोबाची यात्रा आहे की नेदरलँड्समधला रस्ता, याचा त्या फाइलला पत्ता नसतो. पिवळ्याचा ह्यू उणे बाजूला नेला की पिवळं नारिंगीकडं सरकतं. युरोपातल्या शरद ऋतूत पानं पिवळी पडतात, ती आणखी तांबूस दिसावीत म्हणून कोणीतरी तो आकडा ठेवला. त्याच्यापुरता तो बरोबरही असेल. आपल्याकडं पिवळं म्हणजे हळद, झेंडू, सोनकी, शाळूची वाळलेली ताटं. तो आकडा या सगळ्यांना एकाच रंगात बुडवून काढतो.

हिरव्याचंही तेच. ‘मूडी’ नावाचा जो प्रकार आहे, त्यात हिरव्यातला जीव काढून टाकतात. उत्तरेकडच्या पाइनच्या जंगलात ते गंभीर वाटतं. वाळव्याच्या उसावर तोच आकडा टाकला की ऊस हुमणी लागल्यासारखा दिसतो.

उजेडसुद्धा वेगळा असतो. सातारा १७.७ अंश उत्तरेला आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात भरदुपारी सूर्य इथं बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या पायातच गोळा होते. आइसलँडचं रेक्याविक ६४ अंशांवर. तिथं ऐन जूनमध्येही सूर्य ५० अंशांच्या वर चढत नाही, म्हणजे दिवसभर उजेड तिरकाच. विषुवदिनाच्या सुमारास सहा अंश उंचीवरचा सूर्य क्षितिजाला टेकायला आपल्याकडं पंचवीस मिनिटं लागतात, तिथं जवळपास तास. ज्याला ‘गोल्डन अवर’ म्हणतात तो आपल्याकडं अवर नसतोच, अर्ध्या तासाच्या आत आटपतो. तासभर सोनं पडणाऱ्या जागेचे आकडे आणून साताऱ्याच्या दुपारच्या दोनच्या फोटोवर टाकले, तर सोनं येत नाही. भाजलेला फोटो येतो.

‘असू दे की राव, हौस आहे, कुणाचं काय जातंय?’ हा पुढचा प्रश्न. तर जातं. तीन ठिकाणी काय जातं ते सांगतो.

पहिलं ठिकाण कास. साताऱ्यापासून साधारण २५ किलोमीटर, २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत. जांभ्याच्या सड्यावर जेमतेम बोटभर माती, ती पण निकस. इतकी निकस की दवबिंदू आणि सीतेची आसवं यांसारख्या वनस्पतींना किडे पकडून पोट भरावं लागतं. या मातीत वाढणारी फुलं लहानच असणार. सीतेची आसवं नखाएवढी. गेंद म्हणजे पांढरं बटण. तेरडा, सोनकी, दीपकाडी यांचा बहरही एकदम येत नाही, पंधरवड्या-पंधरवड्यानं रंग बदलत जातो. बहुतेक दिवस धुकं आणि भुरभुर. उभं राहून बघितलं तर जे दिसतं ते असं: ओलं, करडं आभाळ, हिरवं गवत आणि त्यावर हलका जांभळा किंवा पिवळा थर, कुठं दाट, कुठं विरळ. गुडघ्यावर बसलं की मग एकेक फूल दिसायला लागतं आणि तिथून पुढं तास कसा जातो कळत नाही. कासची मजा ही आहे.

आता फोटोतलं कास बघा. कॅमेरा जमिनीला टेकवून लांबच्या लेन्सनं काढला की विरळ फुलंही एकमेकांवर चढून गालिचा होतो. इथवर ठीक आहे, कोन निवडणं हे फोटोग्राफरचं कामच आहे. त्यावर जांभळ्याचं सॅच्युरेशन अधिक साठ. त्यावर करडं आभाळ काढून संध्याकाळचं गुलाबी आभाळ चिकटवायचं. फोटोशॉपमध्ये ऑक्टोबर २०२० पासून त्यासाठी वेगळं बटणच आलंय, आता फोनमध्येही मिळतं. असा फोटो बघून पुण्याहून चार तास गाडी चालवत आलेलं कुटुंब काय शोधणार? गालिचा. तो वाटेवरून दिसत नाही, म्हणून ते वाट सोडून आत जातात, अजून आत जातात, शेवटी फुलांत बसतात, कारण फोटोतली मुलगी फुलांतच बसली होती. बोटभर मातीवर पडलेल्या पावलाचं काय होतं हे सांगायला वनस्पतिशास्त्रज्ञ लागत नाही. परत जाताना ते म्हणतात, ‘काही नाही ओ, फोटोत दाखवतात तसं काही नाही.’ जगाच्या वारशाची जागा बघून माणूस फसल्यासारखा परततो. त्याला कासनं फसवलं नाही. साठच्या आकड्यानं फसवलं.

दुसरं ठिकाण माणसाचा चेहरा. इथं मला राग येतो, तो लपवत नाही.

माझ्या धाकट्या बहिणीच्या बायोडेटासाठी एका स्टुडिओत फोटो काढला. स्टुडिओचं आणि गावाचं नाव सांगत नाही, कारण कुठलंही सांगितलं तरी चालेल. बहीण सावळी आहे, आमच्या आईसारखी. फोटो आला त्यात ती गव्हाळसुद्धा नव्हती, पिठाळ होती. नाकाच्या कडेचा तीळ गेला होता. गालावर कातडीच नव्हती, प्लास्टिक होतं. मान मात्र राहून गेली होती, ती तिच्याच रंगाची. आमच्यापैकी कोणीही स्टुडिओवाल्याला ‘गोरी करा’ म्हटलं नव्हतं. त्यानं विचारलंही नव्हतं. त्याच्याकडं डिफॉल्ट तेच होतं. बहिणीनं फोटो हातात घेतला, थोडा वेळ बघितला आणि म्हणाली, ‘ही कोण?’ घरात कोणाकडं उत्तर नव्हतं.

हे यंत्राच्या पोटात कसं बसलंय तेही बघा. आपल्या सगळ्यांची त्वचा, गोरी असो की काळी, रंगांच्या चाकावर नारिंगीच्या आसपास येते. फरक मुख्यतः उजेडाच्या पातळीचा. म्हणून नारिंगीचा उजेड वाढवला की माणूस ‘गोरा’ होतो. मी उघडून पाहिलेल्या ‘वेडिंग’ नावाच्या प्रीसेटांमध्ये हा आकडा हमखास वर असतो. हा फोनच्या काळातला रोगही नाही. फिल्मच्या जमान्यात कोडॅक आपल्या लॅबना रंग जुळवायला एक कार्ड पाठवायची, ‘शर्ली कार्ड’ म्हणत त्याला. त्यावर गोऱ्या बाईचा फोटो. तिची त्वचा बरोबर आली की मशीन बरोबर. बाकीच्या जगानं त्या बाईच्या रंगावर लावलेल्या मशीनमधून निघायचं.

उलट टोकाचं उदाहरणही आहे. जून १९९४ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकानं ओ. जे. सिम्प्सनचा पोलिसांनी काढलेला फोटो मुखपृष्ठावर छापताना गडद केला. ‘न्यूजवीक’नं तोच फोटो जवळपास होता तसा छापला. दोन्ही अंक एकाच आठवड्यात स्टॉलवर आले आणि काळ्या माणसाला आणखी काळं करून गुन्हेगार ठरवता का, असा अमेरिकेत गदारोळ झाला. उजेडाचा स्लायडर हा नुसता उजेडाचा नसतो, हे त्या आठवड्यात जगाला दिसलं. आपल्याकडं २०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ला नाव बदलून ‘ग्लो अँड लव्हली’ व्हावं लागलं. क्रीमला लाज वाटली. सेल्फी कॅमेऱ्यातल्या ब्यूटी मोडला अजून वाटायचीय. ज्या मुलखाचा देव सावळा, ज्याच्या सावळेपणावर शेकडो वर्षं अभंग झाले, तिथल्या पोरींच्या फोटोतून सावळा रंग पुसण्याचं काम आपण हौसेनं करतोय.

तिसरं ठिकाण पूर. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी साडेसत्तावन्न फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झालं. पूर ओसरल्यावर भिंतीवर चिखलाची जी रेघ उरते ती त्या घराची साक्ष असते: पाणी इथवर होतं. फोटोतली ती रेघ, पाण्याचा तो गढूळ तांबडा रंग, फोटोची तारीख आणि वेळ, याला त्या दिवसांत किंमत असते. मदत कुठं पाठवायची हे अशा फोटोंवर ठरतं, नुकसान दाखवताना लोक फोनमधले असेच फोटो पुढं करतात.

आणि त्याच दिवसांत ड्रोननं काढलेले पुराचे ‘सिनेमॅटिक’ फोटो फिरतात, पाणी निळसर हिरवं. टील. जणू केरळातल्या बॅकवॉटरची जाहिरात. चिखल दिसतच नाही. ज्या पाण्यात माणसांचे संसार गेले ते पाणी सुंदर करून दाखवणारा हात कोणाचा, असं विचारलं तर उत्तर मिळतं, ‘मी नेहमी हाच प्रीसेट वापरतो.’ तो खोटं बोलत नाही. लग्न, यात्रा, धबधबा, पूर, सगळ्याला एकच. माझी तक्रार नेमकी हीच आहे.

आता समोरच्या बाजूचं ऐकू. तीन मुद्दे येतात आणि तिन्ही पोकळ नाहीत.

एक: ही कला आहे, कलावंताला रंग बदलायचा हक्क आहे. आहेच. आपल्याच सातारा जिल्ह्यात औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी १९३८ मध्ये औंधला उभं केलेलं संग्रहालय आजही आहे, जाऊन बघा. चित्रकार समोरचं सोडून मनातला रंग लावतो, त्याला कोणी खोटारडा म्हणत नाही. पण तो रंग तो निवडतो. पॅलेटवर कालवतो, लावतो, पुसतो, परत लावतो. दुसऱ्यानं कालवलेला एकच रंग प्रत्येक कॅनव्हासवर ओतणाऱ्याला आपण चित्रकार म्हणत नाही. हळद नारिंगी करण्यामागं तुमचं काही म्हणणं असेल तर जरूर करा. पण म्हणणं असू द्या.

दोन: गिऱ्हाईक मागतं. हा मुद्दा मला सगळ्यात जड जातो. तालुक्याच्या गावात स्टुडिओ चालवणाऱ्याचं पोट लग्नसराईवर असतं. नवरी गोरी दिसली नाही तर पैसे अडतात, पुढची ऑर्डर शेजारच्या स्टुडिओत जाते. त्याला एकट्याला नीतीचे धडे देणं मला पुण्यात पगार घेत बसून परवडतं. म्हणून माझी त्याच्याकडं मागणी लहान आहे: विचारा. ‘रंग आहे तसा ठेवू की उजळवू?’ एवढा एक प्रश्न. डिफॉल्ट बदला, पर्याय काढू नका. किती जण ‘आहे तसाच ठेवा’ म्हणतील हे विचारल्याशिवाय कळणार नाही. आणि हा लेख मुळात त्याच्यासाठी नाहीच. हा हौशी लोकांसाठी आहे, ज्यांना गिऱ्हाईक नाही, ज्यांचं काही अडत नाही. तुम्हाला कोण मागतंय? तुम्ही का गोरं करताय?

तीन: शिकायला वेळ कुठाय? प्रीसेट एका सेकंदात होतो. खरंय. पण जे शिकायचं आहे ते एका रविवारचं काम आहे. ते इथंच सांगतो, म्हणजे ही सबब उरायला नको.

सगळ्यात आधी फोनच्या कॅमेऱ्यातला ब्यूटी मोड, फेस स्मूदिंग, सीन ऑप्टिमायझर, जे काही नाव असेल ते, बंद करा. रॉ फाइल ठेवायची सोय असेल तर चालू करा. रॉ म्हणजे सेन्सरनं मोजलेले आकडे, निर्णय व्हायच्या आधीचे. जागा जास्त खाते, पण पांढरं कशाला म्हणायचं हे नंतर तुम्हाला ठरवता येतं.

दुसरं, उजेड फोनवर सोडू नका. कॅमेरा डोळे मिटून धरून चालतो की समोरचं जग सरासरीनं मध्यम करडं आहे. वाईच्या घाटावरचा काळा पाषाण त्याला करडा करायचा असतो, म्हणून तो उजेड वाढवतो आणि दगडातलं वजन जातं. उलट, धुक्यातलं कास तो काळवंडून टाकतो. पडद्यावर बोट दाबून धरा, सूर्याचं चिन्ह येईल, ते वर-खाली ओढा. काळ्यासाठी खाली, धुक्यासाठी वर. सावळ्या माणसाचा फोटो असेल तर मागची पांढरी भिंत टाळा आणि माणसाला खिडकीच्या बाजूच्या उजेडात बसवा. त्वचेवर उजेडाची चमक आली की गोरं करावंसं वाटतच नाही. ‘चेहरा काळा येतो’ म्हणून जी तक्रार असते, ती बहुतेक वेळा मागच्या भिंतीची असते, चेहऱ्याची नसते.

तिसरं, सोनकी, झेंडू, भंडारा असे भडक पिवळे रंग काढताना उजेड थोडा कमीच ठेवा. भडक पिवळ्यात लाल भरून वाहून जातो, हिरवाही त्याच्या मागोमाग, आणि निळा तळाला असतो, त्यामुळं सरासरीच्या आलेखात सगळं ठीक दिसतं आणि फुलाच्या पाकळीतली शीर मात्र गायब झालेली असते. एडिटिंग ॲपमध्ये तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम दिसतो, तो बघायची सवय लावा. उजव्या भिंतीला रंग चिकटला, की तिथला तपशील गेला. तो कुठल्याही स्लायडरनं परत येत नाही.

चौथं, रंग आधी दुरुस्त करा, सजवा नंतर. फोटोत पांढरी किंवा करडी असायला हवी अशी एक गोष्ट शोधा, कोणाची तरी टोपी, धोतर, चुन्याची भिंत. तिच्यावरून व्हाइट बॅलन्स लावा. निम्मे फोटो इथंच संपतात, पुढं काही करावंच लागत नाही. एखाद्या ठिकाणी उजेड-अंधार करायचा असेल तर तेवढ्याच भागावर मास्क लावून करा, अख्ख्या फोटोवर नको. स्नॅपसीडमध्ये हे फुकट होतं.

पाचवं, मूळ फोटो कधीही पुसू नका. पूर, अपघात, रस्त्यावरचा खड्डा, असा साक्षीचा फोटो असेल तर त्यावर एडिट नकोच, आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की त्यातली तारीख, वेळ, जागा ही माहिती गळून पडते, आणि मग दोन वर्षांपूर्वीचा पूर आजचा म्हणून फिरायला मोकळा होतो. आभाळ बदललं असेल तर फोटोखाली दोन शब्दांत तसं लिहा. त्यानं तुमचा मान कमी होत नाही.

हे सगळं करून झाल्यावर तुमची म्हणून काही सेटिंग्ज तयार होतील. पावसाळ्यातल्या सह्याद्रीसाठी एक, माण-खटावच्या उन्हाळ्यासाठी एक, आजीच्या स्वयंपाकघरातल्या पिवळ्या बल्बसाठी एक. ती जपून ठेवा, वापरा. तो तुमचा प्रीसेट. तुम्ही त्या जागेकडं बघून काढलेला. त्याला माझा विरोध नाही. उलट, असे प्रीसेट या मातीत तयार झाले तर मला आनंद होईल, फक्त विकू नका. शेजारच्या तालुक्यातसुद्धा उजेड वेगळा असतो.

सुरुवात या रविवारी घरातच करता येईल. स्वयंपाकघरातून एक हळकुंड घ्या. ते मोडा, म्हणजे आतला खरा रंग दिसेल. पांढऱ्या कागदावर ठेवून खिडकीपाशी आणा, ऊन थेट पडू देऊ नका. फोटो काढा. आता फोन हळकुंडाच्या शेजारी धरा आणि दोन्हींकडं बघत कागद पांढरा होईपर्यंत आणि हळद हळदीसारखी होईपर्यंत स्लायडर हलवत राहा. दहा मिनिटं लागतील. मग तुमच्याकडचा सगळ्यात आवडता विकतचा प्रीसेट त्याच फोटोवर टाका आणि घरातल्या मोठ्या माणसाला विचारा, हे काय आहे. आई काय म्हणते ते ऐका आणि मगच ठरवा, तो प्रीसेट ठेवायचा की नाही.